हायड्रॉक्सीयुरिया सुरू असूनही सिकलिंग टेस्ट पॉझिटिव्हच. औषधाने लाल पेशीचा आकार बदलतो तरी कधी?

काचपट्टी

ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमधून विचारतोय. मुलगी १९ वर्षांची, एसएस पॅटर्न (म्हणजे सिकलसेल आजार), वजन ४२ किलो. सात महिन्यांपासून हायड्रॉक्सीयुरियाची ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल रोज चालू आहे. औषधाआधी हिमोग्लोबिन ७.८, एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) ७९, एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) एचबीएफ (गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन) १४ टक्के, रेटिक (नव्या, तरुण लाल पेशी) १२ टक्के. आता हिमोग्लोबिन ८.९, एमसीव्ही ९०, एचबीएफ २० टक्के, रेटिक ७ टक्के. अंगदुखीचे झटके कमी झालेत असं घरचे स्वतःहून सांगतात.

अडचण अशी की २ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइटची सिकलिंग टेस्ट पुन्हा लावली, तर अर्ध्या तासात जवळजवळ सगळ्या पेशी विळ्याच्या आकाराच्या झाल्या. लिशमन रंगाच्या स्लाईडवर विळ्याच्या पेशी मोजल्या तर आधी ६ टक्के होत्या, आता ५. रिपोर्टवर ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ वाचून वडील म्हणतात, मग या गोळ्या द्यायच्या कशाला? औषध बंद करण्याच्या विचारात आहेत.

औषध काम करत असेल तर टेस्टमध्ये ते दिसायला नको का? पेशीच्या आकारावर थेट काम करणारं औषध आहे का? आणि स्लाईडवर आकारातला फरक मोजायचाच असेल तर कसा मोजावा?

लालपेशी

आधी वडिलांना निरोप द्या: औषध बंद करू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून औषध चांगलं लागू पडलंय. सिकलिंग टेस्ट या कामासाठी नाहीच. रक्तात हिमोग्लोबिन एस आहे का, एवढंच ती सांगते, आणि ते जन्मभर राहणार.

आता कारण. हिमोग्लोबिन एसमध्ये बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असतं. ऑक्सिजन सुटला की हे रेणू एकमेकांना चिकटत जातात आणि त्यांचे लांब, ताठ दोरे होतात. हे दोरे पेशीला आतून ढकलतात आणि तिचा आकार बिघडवतात. ऑक्सिजन नसलेलं एस डेसिलीटरला साधारण १६-१७ ग्रॅमपर्यंतच विरघळलेलं राहू शकतं, आणि पेशीच्या आत हिमोग्लोबिन असतं ३३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सगळा ऑक्सिजन काढून घेतला तर दोरे होणारच. प्रश्न उरतो तो किती वेळात, एवढाच.

सगळी गोम या वेळेतच आहे. ऑक्सिजन सुटल्यापासून दोरे दिसू लागेपर्यंत मध्ये काही काळ जातो, त्याला ‘डिले टाइम’ म्हणतात. लाल पेशी केशवाहिनीतून साधारण सेकंदाभरात पार होते आणि आणखी १०-१५ सेकंदांत फुफ्फुसात परतते. डिले टाइम त्याहून जास्त असेल तर पेशी वाकडी व्हायच्या आत तिला पुन्हा ऑक्सिजन मिळतो.

हा डिले टाइम पेशीतल्या एसच्या प्रमाणावर विलक्षण अवलंबून असतो. प्रयोगात तो त्या प्रमाणाच्या १५ ते ३० व्या घाताने बदलताना दिसतो. एसचं प्रमाण फक्त १० टक्क्यांनी घटलं, तरी डिले टाइम पाचपटीपासून वीसपटीहून जास्त वाढू शकतो. हायड्रॉक्सीयुरिया हेच करतं. एचबीएफ वाढवतं आणि पेशी मोठी करतं. एचबीएफच्या गॅमा साखळ्या दोऱ्याच्या बांधणीत बसत नाहीत. एक गॅमा आणि एक बीटा-एस असा मिश्र रेणू तयार झाला तरी तोही दोऱ्यात शिरत नाही. म्हणून एफ नुसतं एसला पातळ करत नाही, एसचा काही भाग निकामीही करतं.

आता तुमची टेस्ट बघा. मेटाबायसल्फाइटने ऑक्सिजन जवळजवळ शून्यावर नेला आणि वर अर्धा तास दिला. शरीरात पेशीला मिळतात सेकंद, इथे मिळाली १८०० सेकंद. डिले टाइम वीसपट झाला काय आणि पन्नासपट झाला काय, अर्ध्या तासात ते सगळं झाकलं जातं. एचबीएफ २०-२५ टक्के असलेलं एसएस रक्तही या टेस्टमध्ये सिकल होतंच. एएस पॅटर्नमध्ये (एकाच पालकाकडून एस आलेला वाहक) एस निम्म्याहून कमीच असतं आणि त्या माणसाला बहुधा काही त्रास नसतो, तरी त्याचीही टेस्ट पॉझिटिव्हच येते ना? तसंच हे.

डीटीटी_डेस्क

डीटीटी, म्हणजे डायथायोनाइटच्या नळीतली टेस्ट, तिच्याबाबतही हेच. डायथायोनाइटच्या नळीत पेशी सॅपोनिनने फुटलेल्या असतात आणि दाट फॉस्फेट बफर असतो, त्यामुळे पेशीच्या आकाराचा तिथे संबंधच उरत नाही. नळीमागच्या रेघा दिसल्या नाहीत तर एस आहे, एवढाच अर्थ. निदान झालेल्या रुग्णावर दोन्ही टेस्ट पुन्हा लावू नयेत. रिएजंट वाया जातं आणि घरचे घाबरतात.

भिंगाखाली

काचपट्टी दादा, मोजणीबद्दल सांगते.

स्लाईडवरच्या सगळ्या वाकड्या पेशी एका जातीच्या नसतात. काही शिरेतल्या कमी ऑक्सिजनमुळे त्या वेळेपुरत्या वाकड्या झालेल्या असतात, हवा लागली की पुन्हा गोल होतात. काही कायमच्या वाकड्या असतात. त्यांचं पटल आणि आतला सांगाडा पुन्हा पुन्हा वाकून त्या आकारात अडकलेला असतो. पोटॅशियम आणि पाणी निघून गेल्यामुळे त्या सुकलेल्या, दाट झालेल्या असतात. ऑक्सिजन देऊन आतले दोरे विरघळले तरी आकार परत येत नाही. औषधाचा परिणाम पाहायचा तर या दुसऱ्या प्रकारच्या पेशी मोजाव्या लागतात, आणि साध्या लिशमन स्लाईडवर दोन्ही मिसळलेल्या असतात. टूर्निकेट जास्त वेळ आवळून धरला, की पहिल्या प्रकारच्या पेशी उगाच वाढतात. आधीचं सॅम्पल पटकन मिळालं आणि आताच्या वेळी शीर शोधण्यात दोन मिनिटं गेली, एवढ्याने तुमचा ६ आणि ५ मधला फरक खाल्ला जाऊ शकतो.

पद्धत अशी ठेवा. ताजं ईडीटीए रक्त घ्या, दोन तासांच्या आतलं. त्यातलं ०.१ मिली सुमारे २ मिली आयसोटॉनिक बफर्ड सलाईनमध्ये (पीएच ७.४) टाका. रुंद तोंडाच्या नळीत, झाकण न लावता १५-२० मिनिटं हलकं हलवत राहा, म्हणजे हवेचा ऑक्सिजन मिळून परतणाऱ्या पेशी परततील. मग बफरमध्ये बनवलेलं १ टक्का ग्लुटाराल्डिहाइड घालून फिक्स करा. फिक्सेटिव्ह साध्या पाण्यात बनवू नका. त्याची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) चुकली, तर पेशी फिक्स होण्याआधीच फुगतात किंवा आकसतात आणि तुम्ही स्वतः तयार केलेला आकार मोजत बसता. त्यानंतर एक थेंब काचपट्टीवर, वर कव्हरस्लिप, आणि ओलं असतानाच मोजणी.

कायमची विळ्याची पेशी कोणती मानायची हे आधी लिहून ठेवा. लांबी रुंदीच्या निदान दुप्पट, टोकं निमुळती, मधला फिकट भाग नाही. नुसती लांबट, गोल टोकांची पेशी धरायची नाही. वाळलेल्या स्मिअरच्या शेपटाकडे टोकदार पेशी दिसल्या तर त्यांची दिशा बघा. सगळ्यांची टोकं एकाच बाजूला वळलेली असतील तर ती स्मिअर ओढताना झालेली विकृती आहे. खऱ्या विळ्याच्या पेशी वाटेल त्या दिशेला पडलेल्या असतात.

किती पेशी मोजायच्या? निदान १०००. आणि १००० मोजूनही, खरं प्रमाण ५ टक्के असेल तर मोजणी नुसत्या योगायोगाने साडेतीन ते साडेसहा टक्क्यांत कुठेही पडू शकते. म्हणजे ६ चे ५ झाले हा फरकच नाही, ना औषधाच्या बाजूने ना विरुद्ध. शक्य असेल तर आधीची आणि आताची स्लाईड नाव झाकून दुसऱ्या टेक्निशियनला मोजायला द्या.

अजून एक. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं असेल तर विळ्याच्या पेशींचं प्रमाण तसंही घटतं. ते श्रेय औषधाचं नाही.

मात्रा_आणि_परिणाम

औषधांबद्दल. कुठलं औषध साखळीच्या कोणत्या टप्प्यावर काम करतं हे कळलं, की आकाराबद्दल काय अपेक्षा ठेवायची तेही कळतं.

हायड्रॉक्सीयुरियाचं वर आलंच आहे. ते डीएनए तयार करायला लागणारं रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज अडवतं. त्या ताणात मज्जेतून एफ असलेल्या पेशी जास्त येतात, पांढऱ्या पेशी आणि चिकट तरुण रेटिक्युलोसाइट कमी होतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत क्रायसिसचं (तीव्र अंगदुखीच्या झटक्यांचं) प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी घटलं होतं. स्लाईडवर मोठ्या पेशी दिसतात, दाट आणि कायमच्या वाकड्या पेशी हळूहळू कमी होतात. हळूहळू यासाठी, की औषध नव्या जन्मणाऱ्या पेशींवर काम करतं. आधीच वाकलेल्या पेशीला ते सरळ करत नाही. त्यामुळे तीन ते सहा महिन्यांआधी निष्कर्ष काढू नये.

थेट हिमोग्लोबिनला धरणारं औषध म्हणजे व्होक्झेलोटर. अल्फा साखळीच्या टोकाच्या व्हॅलिनला जोडून ते ऑक्सिजन सुटूच देत नव्हतं, आणि ऑक्सिजन लागलेला रेणू दोऱ्यात शिरत नाही. रोज १५०० मिलिग्रॅमवर निम्म्या रुग्णांचं हिमोग्लोबिन १ ग्रॅमहून जास्त वाढलं. अमेरिकेत २०१९ मध्ये परवानगी मिळाली. पुढच्या अभ्यासांत मृत्यू आणि क्रायसिस यांचा असमतोल दिसला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. आकार सुधारला, हिमोग्लोबिन वाढलं, म्हणजे रुग्ण सुधारला असं गृहीत धरू नये, हे इथे फार ठळकपणे दिसलं. १९७० च्या दशकात सायनेट वापरून पाहिलं गेलं तेव्हाही असंच काहीसं घडलं होतं. तेही टोकाच्या व्हॅलिनलाच बदलत होतं, सिकलिंग कमी होत होतं, पण रुग्णांच्या नसा खराब झाल्या आणि मोतीबिंदू झाले.

तिसरी वाट पेशीतलं पाणी टिकवण्याची. सेनिकापॉक हे गार्डोस चॅनेल बंद करतं, म्हणजे कॅल्शियम वाढल्यावर पेशीतून पोटॅशियम बाहेर जाण्याचा मार्ग. त्याने दाट पेशी कमी झाल्या, हिमोग्लोबिन वाढलं, आणि क्रायसिस मात्र कमी झाले नाहीत. १९८० मध्ये व्हासोप्रेसिनसारख्या औषधाने रक्तातलं सोडियम मुद्दाम उतरवून पेशी फुगवण्याचा प्रयोगही झाला होता. तत्त्व बरोबर ठरलं, पण सोडियम कायम कमी ठेवून कोणी जगू शकत नाही.

एल-ग्लुटामिन (किलोमागे ०.३ ग्रॅम, दिवसातून दोनदा) पेशीवरचा ऑक्सिडेशनचा ताण कमी करण्यासाठी आहे. क्रिझानलिझुमॅब पी-सिलेक्टिनला अडवतं, म्हणजे पेशी भिंतीला चिकटणं कमी करतं. त्याच्याकडून आकारात फरकाची अपेक्षाच नको. युरोपात त्याची परवानगी २०२३ मध्ये रद्द झाली. फॉलिक ॲसिडच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीने आकार बदलत नाही. ती मज्जेला नव्या पेशींसाठी लागते.

आकार बिघडवणाऱ्या औषधांकडेही लक्ष द्या, कारण ती रोजच्या वापरात आहेत. जुन्या, जास्त ऑस्मोलॅलिटीच्या आयोडीन कॉन्ट्रास्टने पेशीतलं पाणी ओढलं जातं, आतलं एस दाट होतं आणि डिले टाइम आखडतो. कॉन्ट्रास्ट द्यायचाच असेल तर आयसो किंवा लो-ऑस्मोलर. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीर कोरडं पडलं तरी तेच होतं. डोळ्याला मार लागून पुढच्या कप्प्यात रक्त साचलं असेल तर ॲसिटाझोलामाइड टाळतात, कारण त्याने तिथलं द्रव आम्लधर्मी होतं आणि पेशी तिथेच वाकून निचरा बंद करतात. हे एएस पॅटर्नच्या माणसालाही लागू आहे, आणि नेमकं तिथेच विसरलं जातं.

मलेरियाच्या भागात प्रायमाक्विनचं भान ठेवा. सिकलसेलसोबत जी-६-पीडीची (लाल पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवणारं एन्झाइम) कमतरता असेल तर चावा घेतल्यासारख्या आणि फोड आल्यासारख्या पेशी दिसतात. हे सिकलिंग नव्हे, ऑक्सिडेशनची इजा आहे. हाइन्झ बॉडी (पेशीतले बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे गोळे) लिशमनमध्ये दिसत नाहीत, मिथाइल व्हायोलेटने पेशी जिवंत असताना रंगवावं लागतं. आणि एसएस रुग्णात रेटिक भरपूर असल्याने जी-६-पीडीची तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते, कारण तरुण पेशींत ते एन्झाइम जास्त असतं.

फार्म_पीजी

सर, याच धाग्यात विचारतो. आमच्या विभागात वनस्पतींचे अर्क सिकलिंगविरोधी आहेत का, हे मेटाबायसल्फाइट पद्धतीने पाहतात. कंट्रोलमध्ये ८० टक्के सिकलिंग, अर्क घातल्यावर ३० टक्के. वरच्या चर्चेनुसार हा निकाल ग्राह्य धरायचा की नाही?

लालपेशी

एवढ्यावर नाही. अर्काने हिमोग्लोबिनवर काम केलं, की रिएजंटवर, की पेशीच्या पाण्यावर, हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही.

रिएजंटपासून सुरुवात करू. बायसल्फाइट अल्डिहाइडला पटकन जोडलं जातं, रसायनशास्त्रात अल्डिहाइड वेगळे करायला हीच युक्ती वापरतात. अर्कात व्हॅनिलिनसारखे अल्डिहाइड असतील तर दोन्ही एकमेकांना संपवतात. मग एकतर ऑक्सिजन पुरता निघत नाही आणि अर्क गुणकारी वाटतो, किंवा चांगला रेणू बायसल्फाइटने गिळला जातो आणि अर्क निकामी वाटतो. शिवाय २ टक्के द्रावण आम्लधर्मी असतं आणि रक्तद्रवापेक्षा जास्त ऑस्मोलॅलिटीचं असतं. ही दोन्ही कारणं स्वतःच सिकलिंग वाढवतात. तुमच्या अर्कात थोडा बफर असेल आणि त्याने पीएच वर आला, तर औषध नसतानाही सिकलिंग घटेल.

त्यामुळे ऑक्सिजन रसायनाने काढू नका, ओल्या नायट्रोजनने काढा, ३७ अंशांवर, आणि ऑक्सिजनचा दाब मोजत काढा. कोरडा नायट्रोजन सोडला तर सॅम्पल सुकतं आणि तुम्हीच पेशी दाट करता. अर्क घातल्यानंतरचा पीएच आणि ऑस्मोलॅलिटी कंट्रोलइतकीच ठेवा. अर्क डीएमएसओ या द्रावकात असेल तर कंट्रोलमध्येही तितकंच डीएमएसओ हवं, ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नको. प्रत्येक नळीचं हिमोलिसिस ५४० नॅनोमीटरला मोजा. फुटलेली पेशी विळ्याच्या आकारात मोजली जात नाही, म्हणून पेशी फोडणारा अर्क या चाचणीत हमखास ‘गुणकारी’ ठरतो.

मेटहिमोग्लोबिन (ऑक्सिडाइझ झालेलं हिमोग्लोबिन) ६३० नॅनोमीटरला पाहाच. अर्काने हिमोग्लोबिन ऑक्सिडाइझ केलं तर उरलेल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड वाढते आणि सिकलिंग कमी दिसतं. पण असं रक्त ऊतींना ऑक्सिजन सोडत नाही. ते औषध नाही, विष आहे.

तापमानही महत्त्वाचं. एसचे दोरे थंडीत विरघळतात. हिवाळ्यात सकाळी गार खोलीत लावलेली स्लाईड आणि मे महिन्यातल्या दुपारची स्लाईड एकाच रक्ताला वेगळी उत्तरं देतील. (काचपट्टी, निदानाची टेस्ट हिवाळ्यात उशिरा पॉझिटिव्ह येते त्याचं एक कारण हेच. ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा.)

शेवटी, एकाच वेळेची टक्केवारी देऊ नका. २, ५, १०, २०, ३० मिनिटांना सॅम्पल काढून फिक्स करा आणि वक्र काढा. औषध डिले टाइम वाढवत असेल तर वक्र उजवीकडे सरकेल, शेवटची टक्केवारी तीच राहिली तरी. परदेशात ऑक्सिजन हळूहळू उतरवत पेशीची लवचीकता मोजणारं एक्टासायटोमीटर वापरतात. लवचीकता तिच्या कमाल पातळीवरून ५ टक्के घटते तेव्हाचा ऑक्सिजनचा दाब तिथे ‘पॉइंट ऑफ सिकलिंग’ म्हणून नोंदवतात. औषध लागू पडलं की तो दाब खाली जातो. आपल्याकडे ते यंत्र सहज मिळत नाही, पण नायट्रोजन आणि वेळेचा वक्र एवढं कुठल्याही विभागाला जमण्यासारखं आहे.

फार्म_पीजी

अल्डिहाइडचा मुद्दा अजिबात लक्षात आला नव्हता. आमच्या दोन अर्कांत सिनॅमाल्डिहाइड आहे, म्हणजे तो भाग पुन्हा करावा लागेल. आभारी आहे सर.

मात्रा_आणि_परिणाम

काचपट्टी, मूळ रुग्णाकडे येतो. ५०० मिलिग्रॅम भागिले ४२ म्हणजे किलोमागे जेमतेम १२ मिलिग्रॅम. आपल्याकडे किलोमागे १० मिलिग्रॅमच्या कमी मात्रेवरही चांगले निकाल मिळाले आहेत. विदर्भातल्या आणि एकूणच मध्य भारतातल्या रुग्णांमध्ये अरब-इंडियन हॅप्लोटाइपमुळे (एसच्या जनुकासोबत येणाऱ्या आनुवंशिक ठेवणीमुळे) एफ मुळातच जास्त असतं. त्यामुळे ही मात्रा चूक नाही. अमेरिकी मार्गदर्शनात प्रौढांना १५ पासून सुरुवात करून दर ८ आठवड्यांनी ५ ने वाढवत कमाल ३५ पर्यंत जातात, तेही न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट सांभाळून. डॉक्टरांना १५ करायचं असेल तर आठवड्याला ९ कॅप्सूल, म्हणजे पाच दिवस एक आणि दोन दिवस दोन. कॅप्सूल फोडून भुकटी वाटून घ्यायची नाही, ती पेशीनाशक आहे, हाताला किंवा श्वासात जाऊ नये. मुलगी १९ वर्षांची आहे, म्हणून गर्भधारणेबद्दल डॉक्टरांनी तिच्याशी स्वतंत्रपणे बोललेलं असावं.

लॅबची खरी जबाबदारी सीबीसीची, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची आहे. मात्रा बदलत असताना निदान दर ४ आठवड्यांनी, स्थिर झाल्यावर दर २ ते ३ महिन्यांनी. न्यूट्रोफिल १२५० च्या खाली किंवा प्लेटलेट ८० हजारांच्या खाली गेल्या तर औषध थांबवतात, दर आठवड्याला काउंट पाहतात आणि सुधारल्यावर कमी मात्रेने पुन्हा सुरू करतात. म्हणून तुमचा आकडा बरोबर असायलाच हवा. एसएस रुग्णात केंद्रक असलेल्या लाल पेशी असतात आणि साधा काउंटर त्या पांढऱ्या पेशींत धरतो. १०० पांढऱ्या पेशींमागे अशा २० दिसल्या आणि यंत्र ९००० दाखवत असेल, तर खरा आकडा ९००० गुणिले १०० भागिले १२०, म्हणजे ७५००. ही दुरुस्ती न करता न्यूट्रोफिल काढले तर कमतरता लपून राहते. प्लेटलेट कमी आल्या तर औषधाआधीचा आकडा बघा. आपल्या रुग्णांत पानथरी मोठी असणं नेहमीचं, आणि ती प्लेटलेट अडवते.

एमसीव्ही ७९ वरून ९० झाला हे औषध पोटात जात असल्याचं चांगलं लक्षण आहे. पण ज्याचा वाढत नाही तो गोळ्या घेत नाही, असा आरोप लगेच करू नका. अल्फा थॅलेसेमिया किंवा लोहाची कमतरता सोबत असेल तर एमसीव्ही दबलेला राहतो. तुमच्या रुग्णाचा आधीचा ७९ पाहता अल्फा थॅलेसेमियाची शक्यता आहेच. उलट, बी-१२ कमी असेल तर औषध न घेताही एमसीव्ही चढतो. तेव्हा एमसीव्ही, एचबीएफ, रेटिक आणि हिमोग्लोबिन चारही एकत्र वाचा. तुमच्याकडे चारही योग्य दिशेने गेलेत.

काचपट्टी

मनापासून आभार. वडिलांशी उद्या बोलतो. पुढच्या वेळी रिपोर्टवर सिकलिंगच्या रकान्यात काय लिहू? रकाना रिकामा ठेवला तर वरून विचारणा होते.

भिंगाखाली

रिकामा ठेवू नका, असं लिहा: ‘एचपीएलसीने निदान झालेला एसएस रुग्ण, हायड्रॉक्सीयुरियावर. सिकलिंग व डीटीटी पुन्हा करण्याची आवश्यकता नाही, औषधाच्या परिणामासाठी या चाचण्या उपयुक्त नाहीत.’ त्याखाली स्मिअरची नोंद: विळ्याच्या पेशी किती टक्के आणि किती पेशींत मोजल्या, मोठ्या पेशी, टार्गेट पेशी, पॉलिक्रोमेशिया, हॉवेल-जॉली बॉडी, १०० पांढऱ्या पेशींमागे केंद्रक असलेल्या लाल पेशी, दुरुस्त केलेला पांढऱ्या पेशींचा आकडा आणि न्यूट्रोफिलची निव्वळ संख्या. आधीच्या तारखेचे आकडे शेजारच्या रकान्यात द्या. शेवटचं रक्त कधी चढवलं ती तारीखही लिहा, एचबीएफ वाचणाऱ्याला ती लागते.